कुठला कोर्स किती दमवतो: कोल्हापुरातल्या पदव्यांचं ताणाच्या बाजूने परीक्षण

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात चौकशी तीनच गोष्टींची होते: कट-ऑफ, फी आणि प्लेसमेंट. कोर्स मुलाला आठवड्याला किती तास बांधून ठेवणार, हजेरीची अट किती, एखादा विषय राहिला तर तो परत द्यायला कधी मिळणार आणि तोवर पुढच्या वर्गात बसता येणार का, हे फार थोडे पालक विचारतात. अभ्यासक्रम अवघड असणं मुलं सोसतात, पण एकदा चुकल्यावर वर यायला वाट दिसत नसेल तर ती खचतात. म्हणून हे परीक्षण कॉलेजांचं न करता कोर्सचं केलं आहे, आणि तेही त्या शेवटच्या प्रश्नाच्या बाजूने. गुण पाचपैकी आहेत. ते ताणाचे आहेत, दर्जाचे नाहीत.

आधी तास मोजायची रीत, कारण ती घरबसल्या जमते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि दोन्ही क्रेडिट वेगवेगळी मांडा. समजा २२ क्रेडिटपैकी १४ थिअरीची आणि ८ प्रॅक्टिकलची आहेत. १५ आठवड्यांच्या सत्रात हे दर आठवड्याला १४ अधिक १६, म्हणजे ३० तास झाले. त्यात प्रवास मिळवा. गडहिंग्लजहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्याचे जाऊन-येऊन चार तास धरले तर सहा दिवसांचे २४. पुस्तक उघडायच्या आधीच आठवड्याचे ५४ तास गेले. दोन कोर्सची तुलना करताना हा आकडा फीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.

एमबीबीएस: ४.५

साडेचार वर्षं शिक्षण, मग एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. कोल्हापुरात सरकारी म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), खाजगीत कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील. नियम दोन्हीकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाचेच.

सगळ्यात जास्त पडझड पहिल्या वर्षात होते. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन विषय तर आहेतच, पण अडचण सवयीची असते. नीटसाठी दोन वर्षं चार पर्यायांतून एक निवडायचा सराव केलेला असतो. इथे पहिल्याच पार्ट-एंडिंगला, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावरच्या परीक्षेला, पानभर उत्तर लिहायचं, आकृती काढायची आणि समोरच्या सरांना तोंडी सांगायचं असतं. वाचलेलं ओळखता येतं, सांगता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले तीन महिने हे दुप्पट जड जातं. उपाय साधा आहे, पण पहिल्या आठवड्यापासूनच करायला हवा: त्या दिवशी डिसेक्शनला जे पाहिलं ते संध्याकाळी पुस्तक मिटून एका कागदावर आकृतीसह काढायचं आणि जोडीदाराला पाच मिनिटं इंग्रजीत बोलून दाखवायचं. अप्पर लिंब, म्हणजे हाताचा भाग, असा केला तर पुढचं सगळं त्याच रुळावर चालतं.

आता चुकल्यावरची वाट. पहिलं वर्ष सुटल्याशिवाय दुसऱ्यात जाता येत नाही. नापास झाल्यास काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते. ती सुटली तर आपल्या बॅचबरोबर पुढे जाता येतं, नाहीतर थेट मागच्या बॅचमध्ये. पहिल्या वर्षासाठी जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि सगळ्या कोर्ससाठी नऊ वर्षं. इथे एक बारकावा मुलांना कुणी सांगत नाही: एका पेपरला बसून बाकीचे सोडले तरी तो पूर्ण प्रयत्न मोजला जातो. ताप असताना "बघू तरी" म्हणून पहिला पेपर देऊन येणं महागात पडतं. बसायचं की नाही हे पहिल्या पेपरच्या आधी ठरवा आणि ठरवताना विभागप्रमुखांशी बोला. हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के. ती शेवटच्या महिन्यात भरून निघत नाही.

आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालातल्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं नोंदवलं. उत्तरं मुलांनी स्वतःहून दिलेली आहेत, तरी चारात एकाहून जास्त हे प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अर्धा गुण कमी ठेवला तो एवढ्यासाठी की या कोर्समध्ये निदान वाट लिखित आणि स्पष्ट आहे, आणि बाहेर पडल्यावर काय करायचं याची धाकधूक बाकीच्यांपेक्षा कमी आहे.

बी.एस्सी. नर्सिंग: ४.५

हा आकडा बऱ्याच जणांना पटणार नाही. नर्सिंगला "मेडिकल मिळालं नाही म्हणून घेतलेलं" समजणाऱ्या घरांत या मुलींच्या थकव्याला कुणी थकवा म्हणतच नाही. प्रत्यक्षात चार वर्षांच्या या कोर्समध्ये थिअरीला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी १०० टक्के पूर्ण असावी लागते. ८० नव्हे, पूर्ण १००. म्हणजे आजारी पडलात, घरी लग्न आलं, पुरात रस्ता बंद झाला, तरी तेवढे तास नंतर भरून द्यावे लागतात, बहुधा सुट्टीत. वर्गातल्या इतर मैत्रिणी दिवाळीला घरी आणि ही वॉर्डात, हा प्रसंग त्यातूनच येतो.

दिवस असा जातो: सकाळची ड्युटी, उभ्याने पाच-सहा तास, मग वर्ग, मग रात्री केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा), केस स्टडी आणि प्रोसीजर बुक. मेसची वेळ आणि ड्युटीची वेळ जुळत नाही, त्यामुळे सकाळचा नाश्ता चुकतो आणि पहिल्या सत्रात ड्रेसिंग बघताना चक्कर येते. ती बहुतेक वेळा भित्रेपणाची नसते, उपाशीपणाची असते. ड्युटीला निघण्याआधी भाकरी-भाजी किंवा दोन पोळ्या पोटात हव्यात, खिशात शेंगदाणा चिक्की हवी. पायांत सपाट तळाचे, अर्धा नंबर सैल बूट घ्यावेत. संध्याकाळी पाय सुजतात आणि घट्ट बुटाने टाचेला जखम होते. केअर प्लॅन रोजचा रोज लिहावा. आठवड्याने लिहायला बसलं की रुग्णाची नोंद आठवत नाही, मग दुसरीच्या वहीतून उतरवलं जातं आणि तोंडी परीक्षेत तिथेच पकड होते.

सगळ्यात मोठी उणीव मात्र वेगळी आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने वॉर्डात पहिला मृत्यू पाहिला, तर त्यानंतर तिच्याशी कुणी शांतपणे बसून बोलेल याची ठरलेली सोय फारच थोड्या ठिकाणी असते. ड्युटी संपते, ती हॉस्टेलला जाते आणि रात्रभर जागी राहते. प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न जरूर विचारा: वॉर्डात असा प्रसंग घडला तर विद्यार्थिनीशी कोण बोलतं? उत्तर चटकन आलं तर कॉलेज चांगलं समजा.

बी.आर्क.: ४.५

पाच वर्षं, दहा सत्रं, त्यातलं एक सत्र आर्किटेक्टकडे प्रत्यक्ष कामाचं. इथला ताण परीक्षेच्या हॉलमध्ये नसतो, स्टुडिओत असतो, आणि तो वर्षभर असतो. डिझाइनला "बरोबर उत्तर" नाही. तीन आठवडे राबून केलेला प्लॅन ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, दहा मिनिटांत बाजूला पडतो, आणि बारावीपर्यंत नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला काय चुकलं तेच कळत नाही. पहिल्या वर्षी रडू येतं ते इथे. टीका शीटवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कागदावर असते, आपल्यावर नाही, हे सांगून समजत नाही. सीनियरची नाकारलेली शीट आणि त्याचीच पुढच्या ज्युरीतली शीट शेजारी ठेवून बघितली की समजतं. ज्या कॉलेजात जुन्या शीट जपून ठेवतात आणि मुलांना बघू देतात, तिथे हा धक्का बराच हलका होतो.

जागरणं हा कोर्सचा भाग आहे असं इथे सगळे धरून चालतात. आमचं मत स्पष्ट आहे: निम्मी जागरणं नियोजन चुकल्याने होतात. ज्युरी सोमवारी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी डिझाइन बंद करा. त्यानंतर भिंत हलवायची नाही, जिना फिरवायचा नाही. शनिवारी शीटची मांडणी, रविवारी दुपारपर्यंत प्लॉट, म्हणजे मोठ्या कागदावरची छपाई. ए-वन शीट म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. शहरात प्लॉटर मोजके आहेत, आणि सगळ्या बॅचची ज्युरी एकाच दिवशी असल्याने आदल्या रात्री दुकानात रांग लागते. फाइल पीडीएफ करून न्या. ऑटोकॅडची फाइल तशीच नेली की दुकानातल्या मशीनवर फाँट बदलतो, रेषांची जाडी बिघडते आणि एका शीटचे पैसे दोनदा जातात.

मॉडेलला घाई सगळ्यात वाईट. सनबोर्ड (मॉडेलसाठीचा हलका फोमचा बोर्ड) ३ मिलिमीटरचा घेतला तर कटर एका-दोन फिरवण्यात जातो, ५ मिलिमीटरला जोर लागतो आणि पहाटे तीनला झोपेत त्याच जोराने बोट कापतं. पातं बोथट होऊ देऊ नका, पट्टी स्टीलची वापरा, कटर अंगापासून लांब ओढा. फेविक्विकने काही सनबोर्डचा फोम विरघळतो, हे पहिल्या सत्रात प्रत्येक जण स्वतः करून शिकतो. फेविकॉल आणि टाचण्या लावा, वाळायला वेळ ठेवा. दर सत्राला कागद, बोर्ड, प्रिंट आणि पाचव्या वर्षीच्या थीसिसला बांधणी, हा खर्च फीच्या पावतीत कुठेच दिसत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर ही रक्कम सीनियरना विचारून आधीच काढून ठेवा. पैसे मागायला संकोचून मॉडेलच न करणारी मुलं असतात, आणि त्यांचे गुण जातात ते डिझाइन वाईट म्हणून नव्हे.

लॅपटॉप १६ जीबी रॅमच्या खाली घेऊ नका. रेंडर, म्हणजे डिझाइनचं खरं वाटणारं चित्र कॉम्प्युटरकडून तयार करून घेणं, रात्री लावून झोपायचं असतं, समोर बसून राहायचं नसतं.

इंजिनिअरिंग: ४, थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना ४.५

कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त घरांचा संबंध येतो तो या कोर्सशी. गोकुळ शिरगावापासून कसबा बावड्यापर्यंत कॉलेजं आहेत, काही शिवाजी विद्यापीठाच्या नियमांनी चालतात, काही स्वायत्त. चुकल्यावरची वाट ठरते ती या फरकाने. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत राहिलेला विषय पुरवणी परीक्षेत लवकर देता येतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात तो पुढच्या सत्राच्या विषयांबरोबर येऊन बसतो, आणि पाचाचे सात पेपर होतात. किती विषय राहिले तर इयर डाउन होतं, म्हणजे पुढच्या वर्षात जाता येत नाही, हा नियम प्रवेशाच्या दिवशी लेखी बघून घ्या. सीनियरच्या तोंडचा नियम दोन बॅच जुना असू शकतो.

पहिल्या वर्षी एम-वन (गणिताचा पहिला पेपर), मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स हे अडवणारे नेहमीचे तीन. ग्राफिक्समध्ये मुलं अडकतात ती प्रोजेक्शन डोळ्यांसमोर येत नाही म्हणून. साबणाची वडी किंवा बटाटा कापून समोर ठेवला आणि तिन्ही बाजूंनी बघून काढला की चार दिवसांत बसतं. वर्कशॉपचा जॉब (धातूचा घडवायचा तुकडा) शेवटच्या दिवसाला ठेवू नका. घासून माप उतरलं की परत चढवता येत नाही.

सबमिशनच्या आठवड्यात सगळ्या जर्नल एकाच वेळी लिहायला काढणं हे तर परंपरेनेच चालत आलंय. दोन प्रॅक्टिकल झाली की सही, हा हट्ट मुलांनीच धरायचा असतो. सरांना दहा प्रॅक्टिकलच्या सह्या एकदम मागितल्या की ते तोंडी विचारणारच.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या मुलांची गोष्ट कुणी मांडत नाही. प्रॅक्टिकलमध्ये ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असतात. लेथ, वायरिंग, सर्व्हे, सगळं हाताला बसलेलं असतं. पण प्रवेशफेऱ्या उशिरा आटोपतात, सत्र सुरू होऊन कितीतरी आठवडे झालेले असतात आणि कॉलेजात पाऊल टाकताच पहिली अंतर्गत परीक्षा समोर असते. त्यात एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. डिप्लोमाचं गणित पदवीच्या पहिल्या वर्षापेक्षा हलकं असतं, आणि एम-वन, एम-टू झालेलंच नसतं. पहिल्याच परीक्षेत वीसपैकी तीन-चार मिळाले की ज्या मुलाला डिप्लोमात पंच्याऐंशी टक्के होते तो स्वतःला मठ्ठ समजू लागतो.

तो मठ्ठ नसतो. मधल्या पायऱ्या त्याला कुणी दिलेल्याच नसतात. पहिले पंधरा दिवस एम-थ्रीचं पुस्तक बाजूला ठेवा. पार्शियल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शियल डिफरन्सिएशन आणि साधी डिफरन्शियल इक्वेशन, एवढंच रोज दोन तास करा, प्रत्येकाची चाळीस-पन्नास गणितं हाताने सोडवून. लाप्लासचा इन्व्हर्स अडतो तो पार्शियल फ्रॅक्शन येत नाही म्हणून, आणि फूरिअर सीरिज अडते ती बाय पार्ट्समध्ये चिन्ह चुकतं म्हणून. पाया झाला की लाप्लास आधी घ्या. त्यात पायऱ्या ठरलेल्या असतात आणि गुण लवकर दिसतात. व्हेक्टर कॅल्क्युलस शेवटी. पहिल्या अंतर्गत परीक्षेचे गेलेले गुण मनातून काढून टाका. दुसरी आणि सत्रान्त परीक्षा मिळून विषय सुटतो.

शाखांचा ताणही एकसारखा नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलला दुसरं-तिसरं वर्ष जड, पण शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉप जवळ असल्याने इंटर्नशिपला घर सोडावं लागत नाही. कॉम्प्युटरला विषय त्या मानाने सुटतात, ताण सातव्या सत्रात एकदम चढतो. कंपन्यांची नेहमीची अट म्हणजे ६० टक्के आणि एकही विषय बॅक, म्हणजे राहिलेला, नको. त्यामुळे दुसऱ्या वर्षातला एक राहिलेला विषय चौथ्या वर्षी दारातच अडवतो. कॉम्प्युटरच्या मुलांनी राहिलेला विषय आधी काढावा, नवीन लँग्वेज मग शिकावी.

सीए: ४

बी.कॉम.बरोबर सीए हा राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या व्यापारी घरांतला नेहमीचा बेत. नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनची दोन वर्षं झाली आणि फाउंडेशन, इंटर, फायनल तिन्ही परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागल्या. चुकल्यावरची वाट त्यामुळे पूर्वीपेक्षा खूपच जवळ आली, आणि एक गुण आम्ही त्यासाठीच कमी केला. पण पास व्हायला प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात, आणि ही दुसरी अट घात करते. सगळ्या पेपरांत ४५ मिळवणारा मुलगा नापासच असतो. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांचा निकाल बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या खाली राहतो. म्हणजे नापास होणं इथे नेहमीचं आहे, आणि ते घरच्यांना आधीच समजावून सांगितलं नाही तर पहिल्या निकालाला घरात सुतक आल्यासारखं होतं.

एखाद्या पेपरला ६० मिळाले तर एक्झेम्प्शन मिळतं, म्हणजे ग्रुप राहिला तरी तो पेपर लगेच परत द्यावा लागत नाही. म्हणून तयारी करताना सगळे पेपर काठावर आणण्यापेक्षा ज्या पेपरांवर पकड आहे ते साठच्या पुढे न्यावेत, तेच गुण एकूण ५० टक्क्यांनाही आधार देतात. आर्टिकलशिप निवडताना स्टायपेंडइतकीच परीक्षेची रजा बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरला टॅक्स ऑडिटची धावपळ असते, आणि सप्टेंबरची परीक्षा देणाऱ्याला त्याच वेळी पुस्तकं हवी असतात.

बी.फार्म.: ३.५

विषय जमण्यासारखे, पण शिस्त कडक. फार्मसी कौन्सिलच्या नियमांत थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींना वेगवेगळी ८० टक्के हजेरी आणि पास व्हायला ५० टक्के. प्रॅक्टिकल चार-चार तासांची, प्रत्येकाची जर्नल. पहिल्या सत्रात बायोलॉजी न घेतलेल्यांना रेमेडियल बायोलॉजी आणि गणित न घेतलेल्यांना रेमेडियल मॅथ्स असतं. ते "सोपं" म्हणून सोडू नका, कारण खरा फास पुढे आहे: पहिल्या दोन सत्रांतला एकही विषय राहिला असेल तर पाचव्या सत्रात बसता येत नाही, आणि सातव्यात बसायला पहिली चार सत्रं पूर्ण सुटावी लागतात. पहिल्या वर्षातला रेंगाळलेला एक विषय तिसऱ्या वर्षाच्या दारात अडवतो. चौथ्या सत्रापर्यंत सगळं पुढे ढकलता येतं म्हणून मुलं निर्धास्त राहतात आणि तिथेच वर्ष जातं. ऑर्गॅनिक राहिली असेल तर पुढच्याच संधीला काढा.

बाकीचे थोडक्यात. विधी अभ्यासक्रमाला आम्ही २.५ देऊ. आठवड्याचे तास कमी, मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) आणि कलमं पाठ करण्याचा शेवटच्या महिन्यातला भार सोडला तर वाट मोकळी. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून इंटर्नशिपसाठी मुंबई गाठायची चिंताही कमी झाली आहे. बी.एस्सी. आणि बी.ए. ३ च्या आतबाहेर. नव्या धोरणात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे आणि मूल्यशिक्षणाचे छोटे छोटे विषय आले आहेत. एकेक हलका, पण सगळ्यांच्या असाइनमेंट आणि अंतर्गत परीक्षा एकाच पंधरवड्यात येतात. एक भिंतीवरचं कॅलेंडर आणि प्रत्येक विषयाची सादर करायची तारीख, एवढ्याने यातला बराच गोंधळ आवरतो. बी.ए.च्या मुलांचा मोठा ताण कॉलेजात नसतोच, तो अभ्यासिकेत असतो, स्पर्धा परीक्षेचा, आणि त्याला शेवटची तारीख नसते. कृषीला ३: एका सत्रात विषयांची संख्या जास्त, पण शेतकरी घरातल्या मुलांना निम्मं ओळखीचं असतं, आणि गावात राहून करायच्या कामाचं सत्र बहुतेकांना आवडतं.

कोर्सच्या बाहेरचं, पण गुणांवर पडणारं

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून रोज येणाऱ्या मुलांना विद्यार्थी पासमुळे एसटीचं भाडं एक तृतीयांशच पडतं, पण वेळेला सवलत नाही. वर काढलेला आठवड्याचा आकडा ५० च्या पुढे जात असेल तर वसतिगृह बघा. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून या शहरात खेड्यातल्या मुलांच्या राहण्याची परंपरा आहे, आणि दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगं आजही खाजगी खोल्यांपेक्षा परवडतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पैसे उशिरा येतात हे धरून पहिल्या चार महिन्यांची मेस हातात ठेवा. मुलींना ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या अटीवर व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून माफ आहे, पण मेस, हॉस्टेल आणि साहित्य त्यात येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. असे दिवस हजेरीत आपोआप माफ होतील असं समजू नका. रस्ता बंद असल्याचा अर्ज त्याच आठवड्यात, वर्गशिक्षकांच्या पोचेसह द्या, फोटो जोडा. डिसेंबरमध्ये डिटेनची, म्हणजे हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याची, यादी लागल्यावर दिलेला अर्ज कुणी वाचत नाही.

निकाल अनपेक्षित वाईट लागला तर रडण्याआधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून धावते. प्रत बघून संबंधित विषयाच्या सरांना दाखवा, मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा.

आता मदतीचं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. प्रवेशाच्या दिवशी विचारा: ते कोण, कुठल्या खोलीत, कुठल्या वारी बसतात? प्रॉस्पेक्टसमधला फोटो हे उत्तर नव्हे. दोन आठवडे सलग झोप पाच तासांच्या आत, जेवण सुटलेलं, मित्रांचे फोन उचलणं बंद, आणि "माझ्याने होणार नाही" हे सारखं तोंडात, असं दिसलं तर निकालाची वाट बघत बसू नका. सीपीआरमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, सरकारी दरात. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. जगणं नको असं मुलगा एकदा जरी बोलला तरी त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि कोर्स बदलायचाच असेल तर ते पहिल्या वर्षात करा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. मिळवलेली क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा राहतात, त्यासाठीचा एबीसी आयडी पहिल्याच महिन्यात काढून ठेवा. नव्या धोरणाच्या पदव्यांत ठरलेली क्रेडिट पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. एमबीबीएस, नर्सिंग, बी.फार्म. आणि बी.आर्क.ला अशी मधली दारं नाहीत. तिथे निर्णय जितका लवकर तितकं वर्ष वाचतं, आणि पुढच्या प्रवेशफेरीचे अर्ज मे-जूनपासून सुरू होत असल्याने घरात हे बोलणं मार्च-एप्रिलमध्येच व्हायला हवं.